पाणी नेमकं कुणासाठी? घरातली रसाळ झाडं आणि आपली काळजी

(पिंपळे सौदागर इथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं पत्रक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लागलं आणि दोघातिघांनी मला गाठलं. "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता कुंड्या?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न बरोबर होता, तेव्हा त्याचं उत्तर आधी देतो.

ज्ञानमीमांसा शिकवताना एक प्रश्न दर वर्षी वर्गात यायचा. दुसऱ्याला काय होतंय हे आपल्याला कळतं कसं? त्याचं दुखणं मला दुखत नाही, त्याची तहान मला लागत नाही. मग त्याला तहान लागली आहे हे मी कशाच्या आधारावर म्हणतो? या प्रश्नावरचे किती पेपर तपासले असतील त्याला गणती नाही. निवृत्तीनंतर सात कुंड्यांनी मला हाच प्रश्न विचारला, आणि मी नापास झालो. सातांतली पाच झाडं मेली.

हकिगत अशी. मुलाची बदली बंगळुरूला झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा, सून आणि नातू सगळे गेले. जाताना सुनेनं तिच्या सात कुंड्या माझ्या ताब्यात दिल्या. एक जेड, दोन एचेव्हेरिया (त्या गुलाबाच्या फुलासारख्या दिसतात ना, त्या), एक हॉवर्थिया, एक छोटा गोल कॅक्टस, एक स्नेक प्लँट आणि एक पानफुटी. म्हणाली, "बाबा, यांना फार काही लागत नाही."

घर एकदम शांत झालं होतं. सकाळी उठलं की मी आधी गॅलरीत जायचो. प्रत्येक कुंडीत एक पेला पाणी. संध्याकाळी करमेना म्हणून पुन्हा अर्धा पेला. आमची ही म्हणायची, "नाडी बघताय का त्यांची?" जुलैत एचेव्हेरियाची पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, वाढवलं. गणपतीपर्यंत पाच कुंड्या रिकाम्या. स्नेक प्लँट वाचला, कारण तो टीव्हीच्या बाजूला होता आणि माझ्या लक्षातच राहिला नाही. पानफुटी वाचली, कारण तिचं एक पान शेजारच्या तुळशीच्या कुंडीत पडून रुजलं होतं.

सुनेला फोनवर सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही पाणी घालत होता ते त्यांना तहान लागली म्हणून, की तुम्हाला करमत नव्हतं म्हणून?"

या प्रश्नाभोवतीच आजचं व्याख्यान आहे. उत्तर शोधताना या झाडांबद्दल जे वाचलं, जे करून पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

रसाळ झाड म्हणजे काय

आधी व्याख्या. 'सक्युलंट' हा शब्द लॅटिनमधल्या रस या अर्थाच्या शब्दावरून आला. पान, खोड किंवा मूळ यांपैकी कुठेतरी पाणी साठवून ठेवणारी, म्हणून फुगीर, गरगरीत झालेली झाडं. हे वनस्पतींचं एक कुळ नाही, ही जगण्याची एक रीत आहे. अनेक वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांनी ती स्वतंत्रपणे उचलली. कोरफड एका कुळातली, पानफुटी दुसऱ्या, त्रिधारी निवडुंग तिसऱ्या.

इथे अतिव्याप्तीचा दोष नेहमी होतो. काटे दिसले की आपण कॅक्टस म्हणतो. पण आपल्या माळरानावरचा कुंपणाचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हेच, तो युफोर्बिया. मोडला की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार त्रास होतो. कॅक्टसचं कुळ जवळपास सगळं अमेरिका खंडातलं. फड्या निवडुंग आज आपल्याला इथलाच वाटतो, पण तोही तिथूनच आणलेला.

आणि ज्याला कॅक्टस म्हणायला हवं त्याला आपण म्हणत नाही. पावसाळ्यात रात्री फुलणारं, ज्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर येतात, ज्याची काही घरांत पूजासुद्धा होते, ते आपलं 'ब्रह्मकमळ' चक्क कॅक्टस आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तर सांगायचा मुद्दा, नावावरून स्वभाव ठरवू नका. झाड कुठून आलं, तिथे ऊन-पाऊस कसा असतो, हे विचारा.

रात्रीचा कारभार

या झाडांचा स्वभाव समजायचा तर त्यांचा श्वास समजायला हवा. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उन्हात अन्न तयार करतात. पण छिद्र उघडलं की पाणीही वाफ होऊन जातं. ओल्या प्रदेशात ते परवडतं. कोरड्या प्रदेशात नाही. म्हणून बऱ्याच रसाळ झाडांनी वेळ बदलली. छिद्रं रात्री उघडायची, गारव्यात वायू आत घ्यायचा, तो आम्लाच्या रूपात पानात साठवायचा. दिवसा दारं बंद करून त्याच साठ्यातून उन्हाच्या मदतीनं अन्न करायचं.

गंमत म्हणजे याचा एक फार जुना सुगावा आपल्या देशातच लागला, आणि तोही पानफुटीवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला बेंजामिन हाइने नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ इथे काम करत होता. त्यानं पानफुटीची पानं चाखून पाहिली. पहाटे आंबट लागतात, दुपारपर्यंत आंबटपणा जातो. त्यानं लंडनला पत्रानं कळवलं आणि ते १८१५ साली तिथल्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. रात्री साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, हे त्याला जिभेनं कळलं. त्यामागचं रसायन कळायला विसावं शतक यावं लागलं.

तुम्ही मात्र चाखून बघू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. मुतखड्यावर म्हणून ती खाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्यातले बरेच जण हृदयाची औषधं घेतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

या रात्रीच्या कारभारातून एक गोष्ट निघते. हे झाड काटकसरीनं चालणारं आहे. त्याचा खर्च कमी, म्हणून त्याची गरजही कमी. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेनं आपल्याकडे दिवसाआड पाणी सुरू केलं तेव्हा आपण किती आरडाओरडा केला आठवतंय? या झाडांना पंधरा दिवसाआड पाणी मिळालं तरी त्यांची तक्रार नसते.

एकच लक्षण, दोन कारणं

आता माझी मुख्य चूक. पान मऊ पडलं, सुरकुतलं. मी अनुमान केलं की पाणी कमी आहे. न्यायशास्त्राचे विद्यार्थी इथे मला अडवतील. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान चालतं, कारण अग्नीशिवाय धूर कुठे सापडत नाही. पण एखादं लक्षण साध्य असतानाही दिसतं आणि नसतानाही दिसतं, तेव्हा त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. तो हेत्वाभास. सुरकुतलेलं पान हा अगदी तसला हेतू आहे.

कसं ते बघा. पाणी कमी पडलं तर पानातला साठा संपतो, पान सुरकुततं. पाणी जास्त झालं तर काय होतं? मुळांना हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती असते. त्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे कुंडी ओली चिंब आणि झाड मात्र तहानेनं सुरकुतलेलं! अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला पेला भरून पाणी देणं. मी तेच केलं.

मग करायचं काय? दुसरा पुरावा मागायचा. बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर निघाली, माती चिकटली, तर पाणी नाही. छोटी कुंडी असेल तर उचलून बघा. कोरडी कुंडी किती हलकी लागते हे चारदोनदा उचललं की हाताला कळतं. आता पान सुरकुतलेलं आणि माती पूर्ण कोरडी, तर तहान आहे. पान सुरकुतलेलं, माती ओली, तर मुळं बिघडली आहेत. पान पिवळट, आरपार आणि हाताला लिबलिबीत, तर कुजायला सुरुवात झाली आहे.

कुजायला लागलेलं झाड वाचतं का? लवकर कळलं तर वाचतं. कुंडीतून काढा. कुजलेला भाग धारदार, स्वच्छ सुरीनं कापत वर जा, आतला गर स्वच्छ, एकसारख्या रंगाचा दिसेपर्यंत. मग तो तुकडा सावलीत चार-सहा दिवस तसाच ठेवा. कापल्या जागी खपली धरू द्या. नंतर कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी नाही. हा आठवडा माझ्यासारख्याला फार जड जातो.

ऊन: पुस्तकातलं आणि पिंपळे सौदागरचं

पाण्याच्या खालोखाल चुकतो तो उजेड. आपला डोळा फसवतो. अंधाराला आणि उजेडाला तो इतक्या पटकन जुळवून घेतो की हॉलमध्ये भरपूर उजेड आहे असंच वाटतं. बाहेर भर दुपारी साधारण एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. हॉलच्या मधोमध, टीपॉयवर, तो दोन-तीनशेही भरत नाही. आपल्याला वर्तमानपत्र वाचायला तेवढा पुरतो, झाडाला अन्न करायला नाही. मग ते उजेडाच्या दिशेनं लांबट, फिकट, विरळ वाढतं. पाहुणे म्हणतात, "वा, छान वाढलंय!" ते वाढलेलं नसतं, ते उजेड शोधत असतं.

तेव्हा झाड खिडकीपाशी हवं. कुठल्या खिडकीपाशी? इथे पुस्तकं दगा देतात. इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली पुस्तकं सांगतात, दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली. त्यांच्याकडे सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो, म्हणून त्यांचं खरं आहे. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तुमच्या दक्षिणेच्या गॅलरीत ऐन मे-जूनमध्ये थेट ऊन येतच नाही, आणि डिसेंबरात मात्र ते थेट सोफ्यापर्यंत आत येतं. दिशा विचारून भागत नाही, महिनाही विचारावा लागतो.

माझा अनुभव सांगतो. पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन बहुतेकांना मानवतं. पश्चिमेला मार्च ते मे दुपारचं ऊन भाजून काढतं. पानावर पांढरट-तपकिरी डाग पडले तर ते जात नाहीत. तिथे हिरवी जाळी लावा किंवा कुंड्या आत सरकवा. उत्तरेला किंवा समोर दुसरी इमारत असेल तर हॉवर्थिया आणि स्नेक प्लँट ठेवा, ते कमी उजेडात तग धरतात. एचेव्हेरिया आणि कॅक्टसचा तिथे हट्ट नको. आणि आतलं झाड एकदम उन्हात ठेवू नका. रोज थोडं थोडं, आठ-दहा दिवसांत सवय करा.

माती आणि कुंडी

नर्सरीतून झाड येतं ते बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा घट्ट लाल मातीत. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आणि लाल माती वाळली की विटेसारखी होते. आपल्याकडची काळी माती तर पाणी सोडतच नाही. या झाडांना पाणी येऊन निघून जाणारी जागा हवी. मी एक भाग माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन भाग खडबडीत माल घेतो. खडबडीत माल म्हणजे जाड वाळू, विटेचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा पर्लाइट. आपल्या भागात बांधकामं कायम चालू, विटेच्या तुकड्यांना तोटा नाही. फक्त ते धुऊन, चाळून घ्या. बारीक भुकटी राहिली तर तीच सगळ्या फटी बुजवते.

कुंडी मातीची उत्तम, ती बाजूनंही वाळते. तळाला भोक हवंच. भेट म्हणून मिळतात ते चिनी मातीचे बिनभोकाचे मग पेन ठेवायला वापरा. आणि एक समज सांगतो. भोक नसेल तर तळाला खडे घातले की झालं, असं म्हणतात. होत नाही. स्पंज भिजवून धरा. पाणी टपकायचं थांबलं तरी त्याचा खालचा भाग ओलाच राहतो. मातीचंही तसंच. खडे घातले तर तो ओला थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडी फार मोठीही नको. मुळं पोचत नाहीत ती माती नुसती ओली राहते.

पाण्याचं वेळापत्रक, म्हणजे वेळापत्रक नाही

थंड देशांतली पुस्तकं सांगतात, हिवाळ्यात पाणी बंद करा, झाड झोपलेलं असतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच एचेव्हेरिया, हॉवर्थियासारख्या अनेकांचा सुखाचा काळ. दिवसा ऊन, रात्री गारवा. तेव्हा ती वाढतात. त्यांची सुस्ती येते एप्रिल-मेच्या तलखीत, आणि धोका असतो जून ते सप्टेंबर. अडेनियम उलट, त्याला उन्हाळा आवडतो आणि थंडीत तो पानं गाळून बसतो.

अंदाज हवा म्हणून सांगतो. थंडीत साधारण दहा-पंधरा दिवसांनी. उन्हाळ्यात मातीची कुंडी लवकर वाळते, तरी काडी बघूनच, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात कुंड्या पावसाच्या आत घ्या, वारा खेळेल अशा ठेवा; तीन-तीन आठवडे पाणी लागत नाही, कारण हवाच ओली असते. पण "दर रविवारी" असं ठरवू नका. रविवार आपल्या सोयीचा असतो, झाडाच्या नाही.

द्यायचं तेव्हा मात्र पोटभर द्या. भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि बशीतलं पाणी फेकून द्या. रोज चमचाभर पाणी म्हणजे वरची माती कायम ओली आणि खालची मुळं कोरडी. फवारा मारायचा नाही; एचेव्हेरियाच्या मधोमध पाणी साचलं की तिथून कुजते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं कुंडीवर पांढरे थर येतात. ते खरवडून काढा आणि पावसाचं पाणी धरलेलं असेल तर ते अधूनमधून वापरा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आधी एका पानावर करून बघा, चार-पाच दिवसांनी पुन्हा करा. ती कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

एका पानातून झाड

आता थोडं माझ्या विषयाचं. पानफुटीचं पान मातीवर नुसतं ठेवलं तर त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एकेक रोप निघतं. जर्मन कवी आणि विचारवंत गटे याला या झाडाचं वेड होतं. प्रत्येक अवयव हे पानाचंच रूपांतर, असं त्यानं १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरच्या पुस्तकात मांडलं होतं. पुढे पानफुटी त्याच्या हातात आली तेव्हा एका पानात अख्खं झाड दडलेलं त्याला डोळ्यांनी दिसलं. तो ती वाढवायचा आणि पानं मित्रमंडळींना पाठवायचा.

पण सगळ्यांचं तसं नाही. पिवळ्या काठाचा स्नेक प्लँट घ्या. त्याच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तर काही महिन्यांनी नवं रोप येतं, पण त्याला पिवळा काठ नसतो! कारण मूळ झाडात दोन प्रकारच्या पेशींचे थर शेजारी शेजारी नांदत असतात. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब धरताना ती मांडणी टिकत नाही. काठ हवा असेल तर मुळाशी फुटलेलं पिल्लू वेगळं करावं लागतं. मग तुकड्यातून आलेलं झाड हे 'तेच' झाड का? परीक्षेत हा प्रश्न विचारायला मला फार आवडलं असतं.

शिवनेरीच्या कड्यावरची

शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. ही सगळी परदेशी झाडं आपण जपतो. आपल्या घरची रसाळ झाडं किती जणांना माहीत आहेत?

इथून नाशिक फाट्याला जा, चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव करत जुन्नरला पोचा. शिवनेरीच्या कड्यांवर एक वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले निकल डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. ती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या सापडत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड अशा मोजक्या कड्यांवरच ती आहे. खडकाच्या कपारीत चिमूटभर मातीवर राहते. पावसाळ्यात तिला हिरवी पानं असतात, गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं येतात. उन्हाळ्यात ती पानं गाळून टाकते आणि नुसत्या मांसल खोडावर दिवस काढते.

अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं वनस्पतींवर मोठे ग्रंथ लिहिले. झाडांना प्राण्यांच्या मापानं मोजू नका, असं तो बजावतो. आणि प्रत्येक झाडाला त्याचं 'आपलं ठिकाण' असतं, तिथेच ते नीट वाढतं, असं म्हणतो. शिंदळ माकुडीचं आपलं ठिकाण तो कडा आहे. दुर्मिळ आहे हे कळलं की ती उपटून कुंडीत लावायची इच्छा होते. दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. कोनोफायटम नावाची इवलीशी रसाळ झाडं शौकिनांच्या हौसेपायी तिथल्या खडकांतून खरवडून नेली जातात. गेल्या काही वर्षांत अशी चोरीची झाडं लाखोंच्या संख्येनं जप्त झाली. नेणाऱ्यांना झाडांचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. प्रेम होतं म्हणूनच नेली. गडावर गेलात तर बघा, फोटो काढा, फांदी तोडू नका. घरी लावायला रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्या, आणि ते कुठून आलं हे विचारून घ्या.

माझ्या सुनेचा प्रश्न इथेही लागू होतो. हे त्याच्यासाठी, की माझ्यासाठी?

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलंय, स्नेक प्लँट रात्री ऑक्सिजन देतो म्हणून बेडरूममध्ये ठेवावा का? ठेवा, पण त्यासाठी नको. तो रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो, म्हणजे दिवसा. हवा शुद्ध करण्याचा दावा १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून आला. तो बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. घरात एरवी जेवढी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा हिशेब निघाला. त्यापेक्षा खिडकी उघडा.

दुसरा प्रश्न, ब्रह्मकमळ फुलत नाही. ते जंगलातलं कॅक्टस, त्याला गाळीव पण भरपूर उजेड हवा. जिन्यातल्या अंधारात ते जगेल, फुलणार नाही. त्याला बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त पाणी आणि पालापाचोळ्याचं खत चालतं. आणि त्याचं जुनं 'पान' छाटू नका. ते पान नसून खोड आहे, आणि फूल त्यालाच येतं.

तिसरा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. तीन महिने मुलाकडे अमेरिकेला चाललोय, कुंड्यांचं काय? निघताना एकदा पोटभर पाणी द्या, कडक उन्हातून सरकवून ठेवा. स्नेक प्लँट, जेड महिनाभर सहज काढतील. शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा यायला सांगा, आणि काडी दाखवून ठेवा. प्रेमळ शेजारी असतील तर एकदाच या असं जरा जोर देऊन सांगा.

मीही एक बदल केलाय. नातवाला पूर्वी मी दिवसातून चार वेळा फोन करायचो. जेवलास का, अभ्यास केलास का. तो "हो" एवढंच म्हणायचा. आता रविवारी त्याच्या सोयीच्या वेळी करतो. गेल्या रविवारी तो स्वतःहून वीस मिनिटं बोलला.

दाराशी टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. तुळशीच्या कुंडीत रुजलेल्या त्या पानफुटीचीच पानं आहेत, एका पुडीत एक. घरी न्या, कोरड्या मातीवर नुसतं ठेवा. पुरू नका. कडेला मुळं दिसेपर्यंत पाणी घालू नका. रोज बघायला हरकत नाही.